बिनबोभाट गिअरबॉक्स

देवास जिल्ह्यात गिअर तयार होतात, शेजारच्या धार जिल्ह्यात पिथमपूरला ट्रक तयार होतात आणि दोघांचाही घाम काढायला देवासच्याच बागली तालुक्यात पुरेसे चढउतार आहेत. देवासच्या गजरा गिअर्सचं नाव माळव्याबाहेरच्या मिस्त्रींनाही ठाऊक असतं. पिथमपूरच्या कारखान्यातून आयशरचे ट्रक 1986 पासून बाहेर पडताहेत, आणि गाड्यांची परीक्षा घ्यायला तिथेच नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राची 11.3 किलोमीटरची अंडाकृती धावपट्टी आहे, जिचं उद्घाटन जून 2021 मध्ये झालं. म्हणजे गिअरचा दात पाडण्यापासून ट्रक पळवून बघण्यापर्यंतची सगळी विद्या बागलीपासून शंभरेक किलोमीटरच्या आत नांदते. एवढं असूनही इंदूर–बैतूल रस्त्यावर चापड्याच्या चौफुलीपासून कन्नोदपर्यंत कुठेही शोधा, एक प्राणी सापडणं कठीण : ट्रकला काहीही झालेलं नसताना तो गॅरेजात नेणारा मालक. असा कुणी दिसलाच, तर लोक ट्रकच्या आधी त्याची तब्येत विचारतील.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडे दुरुस्ती आवाजाच्या हुकमाने होते. ओरडणाऱ्या यंत्राकडे आपण धावतो आणि गप्प बसणाऱ्याला धडधाकट समजतो. साधा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स या रिवाजात चांगला मुरलेला आहे, कारण तो अतिशय बोलका. क्लच अर्धवट दाबून गिअर टाकला की तो ‘कर्रर’ म्हणून सगळ्या चौकाला सांगतो. बेअरिंग झिजलं की न्यूट्रलमध्ये घरघरतो आणि क्लच दाबला की गप्प होतो, म्हणजे दुखणं कुठे आहे तेही तोच दाखवतो. चढावर क्लचप्लेट करपली तर वास आधी क्लीनरला येतो, मग ड्रायव्हरला, आणि मालकाला फोनवरून. माळव्यातला उस्ताद मोठा पेचकस गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवतो, मुठीला कान लावतो आणि कुठलं बेअरिंग गेलं ते न उघडता सांगतो. ज्या देवासमध्ये कुमार गंधर्वांनी 1948 पासून अखेरपर्यंत मुक्काम केला, तिथल्या लोकांना कानाचं महत्त्व पटवायची गरज नाही. पण कानावर पोसलेल्या या विद्येपुढे जेव्हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो, तेव्हा तिची पंचाईत होते. मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात, आणि हे पोर जन्मापासून रडलेलंच नाही.

त्याच्या या सोशिक स्वभावाचं मूळ बघायला हवं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये इथे कोरडी क्लचप्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर आणि मध्ये तिसरा, एवढाच संसार. इंजिनाचा पंखा तेल भिरकावतो, ते तेल समोरच्या पंख्याला ढकलतं आणि मधला पंखा परतणाऱ्या तेलाला अशी दिशा देतो, की ट्रक जागचा हलताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन चाकाकडे जातो. लोखंडाला लोखंड भिडतच नाही, मग खडखडाट कुठून होणार? ही युक्ती हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये पेटंट केली, आणि तीही जहाजांसाठी. पुढे गिअरांची सूर्यमालिका असते : मधे एक सूर्य, भोवती ग्रह, बाहेरून दातेरी कडं. क्लचच्या चकत्या दाबून यातल्या कुणाला तरी जागीच रोखलं, की उरलेले वेगळ्या गतीने फिरतात आणि वेगळा गिअर पडतो. ग्रहांना रोखून धरून फळ मिळवण्याचा हा धंदा आपल्याला नवा नाही, पण इथे तो तेलाच्या दाबावर चालतो.

तेव्हा सगळा भार त्या तेलावर. जोर तेच पोचवतं, चकत्या तेच दाबतं, वंगण तेच, उष्णता तेच वाहून नेतं आणि झिजलेल्या चकत्यांची धूळही तेच गोळा करतं. वर त्याच्याकडून अपेक्षा अशी, की त्याने गिअरांच्या दातांसाठी निसरडं असावं आणि चकत्यांसाठी घट्ट धरणारं असावं. इतक्या परस्परविरोधी मागण्या पुरवणारं तेल बनवणं इतकं अवघड, की अमेरिकेत 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत असत. 1960च्या दशकातली आलिशान अमेरिकन मोटार अलगद गिअर बदलायची तेव्हा त्यामागे देवमाशाचा हात असे, देवमाशाला हात नसतात तरीही. 1970 मध्ये अमेरिकेने त्या देवमाशाचं नाव संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं. आजचं तेल त्या शोधाचं फळ. त्याला लाल रंग मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे ट्रकखाली थेंब पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा ते कळावं. लाल असेल तर तेल ठीक, तपकिरी झालं तर थकलं, काळं होऊन करपल्याचा वास आला तर वेळ टळली. तेलाचं तापमान दर 10 अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा एक ढोबळ नियम आहे. मे महिन्यातला माळवा आणि सोयाबीनने भरलेला ट्रक यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता या तेलाची पातळी बघण्याचा विधी. विधीच म्हणायला हवं, कारण त्यात स्थळ, काळ आणि आसन तिन्ही सांगितलेली आहेत. अ‍ॅलिसन कंपनीच्या मोठ्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये तेल 71 ते 93 अंशांच्या दरम्यान गरम असायला लागतं. ट्रक सपाट जमिनीवर हवा, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन चालू. मग गिअर निवडायच्या पट्टीवरचे वरचा आणि खालचा असे दोन्ही बाण एकदम दाबायचे. यंत्र लगेच उत्तर देत नाही. ते दोनेक मिनिटं घेतं, तेवढ्यात तेल निथळून स्थिर होतं, आणि तोवर ते उलटे आकडे मोजत बसतं. शेवटी ‘ठीक’ म्हणतं, किंवा किती कमी आणि किती जास्त तेही सांगतं. तेल थंड असेल तर सरळ नकार देतं. या विधीतली पहिली अडचण भूगोलाची. विंध्याच्या माथ्यावर, काळी सिंध जिथे उगम पावते त्या तालुक्यात, ट्रकच्या लांबीची सपाट जमीन मिळाली तर तिच्यावर आधी कुणीतरी चहाचं दुकान काढतो. दुसरी अडचण स्वभावाची : गेल्या दोन मिनिटांत काय बिघडलं असं विचारून तेवढ्यात ट्रक हलवणारा ड्रायव्हर आपल्याकडे मुबलक आहे.

तिसरी अडचण विद्येची आणि तीच सगळ्यांत महाग. इंजिनाचं तेल बघायचं ते इंजिन बंद करून, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हेच ज्ञान उस्ताद गिअरबॉक्सला लावतो. पण इंजिन बंद झालं की कन्व्हर्टरमधलं आणि नळ्यांमधलं तेल खाली तळाशी उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर दिसते. तेल जास्त झालंय असं ठरवून उस्ताद त्यातलं लिटरभर काढून टाकतो. तेल चांगलंच असतं, म्हणून ते वाया न घालवता तो दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या स्टिअरिंगमध्ये घालतो. आता गिअरबॉक्समध्ये तेल खरोखर कमी पडतं, पंप हवा ओढतो, चकत्या नीट दाबल्या जात नाहीत आणि त्या घसरत घसरत करपतात. उलट चूकही होते : जास्त भरलेल्या तेलात फिरणारे भाग बुडून त्याचा फेस होतो आणि फेस दाब देऊ शकत नाही. दोन्ही वेळा निघणारा निष्कर्ष एकच असतो, की ‘ऑटोमॅटिक आपल्या रस्त्यांना चालत नाही’. रस्त्याचा यात काडीचा संबंध नसतो, पण तो बिचारा कोर्टात जाऊ शकत नाही.

तेल बदलतानाही असेच बारकावे. खालचा बोल्ट काढला की सगळं तेल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरच्या पोटात मुक्कामाला राहतं. म्हणून नवं किती भरायचं ते, किती निघालं ते मोजून ठरतं, डब्यावरच्या आकड्यावरून ठरत नाही. फिल्टर नवा घालायचा, फुंकून परत बसवायचा नाही. तळाच्या चुंबकावर काजळासारखा राखाडी लेप असेल तर तो संसाराचा नेहमीचा कचरा समजायचा, आणि बोटाला टोचणारे तुकडे असतील तर मालकाला खुर्ची देऊन मग सांगायचं. या सगळ्याला अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाच्या शेवटी ट्रक होता तसाच चालतो. सर्व्हिसिंगची खरी अडचण हीच आहे. क्लचप्लेट बदलली की पेडल हलकं होतं, पाटा बदलला की ट्रक ताठ उभा राहतो, हॉर्न बदलला की अख्ख्या गावाला कळतं. गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदललं की काहीच होत नाही. आणि ‘काहीच न होणं’ विकत घ्यायला पैसे मोजायची सवय आपल्याला, विम्याचा एजंट घरी येईपर्यंत, लागत नाही.

कुणी म्हणेल, आजचे गिअरबॉक्स संगणकाने चालतात, तो संगणक बोलेल की. इथेच खरी गंमत आहे. चकत्या झिजल्या की त्यांच्यामधली फट वाढते, आणि गिअर बदलताना झटका बसायला हवा. तो झटका म्हणजे गिअरबॉक्सचं कुरकुरणंच असतं. पण संगणक फट ओळखतो, तेलाचा दाब आणि वेळ जुळवून घेतो आणि झटका बसू देत नाही. दुखणं वाढत जातं आणि शिष्टाचारही वाढत जातो. जुळवून घ्यायला आणखी जागाच उरत नाही तेव्हा एके दिवशी अचानक सगळं संपतं, आणि मालक शपथेवर सांगतो की कालपर्यंत लोण्यासारखा चालत होता. त्याचं खरंच असतं. कंपन्यांना हे पुरतं कळलेलं आहे, म्हणून त्यांनी वरून एक कुरकूर बसवली : पट्टीवर पान्याचं छोटं चित्र उजळतं आणि तेल, फिल्टर किंवा चकत्या यांपैकी कुणाची मुदत संपत आली ते सांगतं. मुक्याला वाचा देण्याचा हा प्रयत्न मोठा सहृदय खरा. पण आपल्याकडे डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं काय होतं हे सर्वांना माहीत आहे. जो दिवा विझत नाही त्याच्यावर देवाचं स्टिकर लागतं.

मुकी वस्तू सांभाळता न येण्याचा पुरावा हवा असेल तर तो देवासच्याच इतिहासात आहे, आणि तो ट्रकच्या आधीचा आहे. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार 1921 मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. त्या दिवसांवरचं त्यांचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक 1953 मध्ये निघालं. त्यात राजवाड्यातल्या पियानोंचं वर्णन येतं : नवेकोरे, पण माळव्याच्या कोरड्या हवेने तडकलेले आणि पट्ट्या अडकून बसलेले. पियानो वाजवला नाही तर तो गप्प असतो आणि बिघडला तरी गप्पच असतो, त्यामुळे त्याच्या दोन अवस्थांमधला फरक कुणाच्या लक्षात येत नाही. हत्तीला भूक लागली की तो कळवतो, पियानो कळवत नाही. महाराज प्रेमळ होते, खर्च करायला कचरत नव्हते, म्हणजे दोष पैशाचा नव्हता आणि जिव्हाळ्याचाही नव्हता. तेव्हा आजच्या ट्रकमालकाला एकट्याला चिक्कू किंवा अडाणी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या पाठीशी राजघराण्याचा दाखला आहे.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यांत वजनदार आक्षेप माळव्यात एका वाक्यात मांडला जातो : ‘चल री है तो चलने दो, भिया.’ याला नुसतं आळसाचं तत्त्वज्ञान म्हणून हसणं सोपं आहे, पण त्यामागे अनुभव आहे. गॅरेजवाले सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत, की ऑटोमॅटिक गाडी ठीक चालत होती, तेल बदललं आणि आठवड्यात गिअरबॉक्स मेला. असं होतं. मात्र ती गाडी गॅरेजात कधी आली ते विचारावं. ती आली गिअर घसरायला लागल्यावर. चकत्या आधीच संपलेल्या होत्या आणि जुन्या तेलात तरंगणाऱ्या त्यांच्याच भुकटीच्या खरखरीतपणावर कशीबशी पकड टिकून होती. नवं, स्वच्छ तेल आलं आणि तो शेवटचा आधारही गेला. शेवटच्या घटकेला बोलावलेल्या डॉक्टरच्या नावावर प्रत्येक वेळी एक मृत्यू जमा होतोच. यातला खरा अंश एवढा मान्य करायला हवा, की वर्षानुवर्षं हात न लावलेल्या गिअरबॉक्समध्ये मशीन लावून जोराने तेल फिरवलं तर कोपऱ्यात बसलेला गाळ उठतो आणि झडपांच्या बारीक वाटांमध्ये जाऊन अडकतो. तेव्हा मशीन लावू नये, खालून निथळून येईल तेवढंच काढावं, फिल्टर बदलावा, आणि थोडं चालवून तेच पुन्हा करावं. ‘हात लावू नका’ हा त्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. तो अनुभव सांगतो की हात लवकर लावा.

दुसरा आक्षेप जरा शिकलेला असतो : कंपनीच म्हणते, तेल आयुष्यभर बदलायला नको. हे काही मोटारींच्या बाबतीत छापलेलं असतं, ट्रकच्या पुस्तकात मुदती दिलेल्या असतात, आणि त्या तीन तऱ्हांनी : इतके किलोमीटर, इतके तास किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी येईल ते. तिन्ही मापं का, तर कामं तीन तऱ्हेची असतात. लांब पल्ल्याच्या ट्रकचे किलोमीटर आधी भरतात. खाणीतला डंपर दिवसभर तेवढ्याच खड्ड्यात वरखाली करतो, त्याचे तास आधी भरतात. विमानतळावरचा अग्निशमन बंब, देवकृपेने, वर्षभर जागेवरून फारसा हलतच नाही, पण तेल उभ्या उभ्याही म्हातारं होतं, म्हणून तिथे महिने मोजायचे. आपल्याकडे हे वाक्य ‘जे शेवटी येईल ते’ असं वाचलं जातं, आणि शेवटी येते ती क्रेन.

तिसरा आक्षेप विषयालाच हात घालतो : बागलीत ऑटोमॅटिक ट्रक आहेतच किती? खाणीतले डंपर, विमानतळाचे बंब, लष्कराची काही वाहनं, दिल्लीच्या लो-फ्लोअर बस, यांपलीकडे अस्सल टॉर्क कन्व्हर्टर आपल्या रस्त्यांवर क्वचितच. हे खरं आहे. पण त्याचा धाकटा भाऊ दारात येऊन उभा आहे, त्याला एएमटी म्हणतात. त्यात गिअर जुनेच, क्लचप्लेट जुनीच, फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात काढून तिथे संगणक आणि हवेवर चालणारे दट्टे बसवलेले असतात. व्होल्वोने आपला आय-शिफ्ट 2001 मध्ये आणला, त्याच व्होल्वोशी आयशरने 2008 मध्ये भागीदारी केली, आणि आता मोठ्या ट्रक कंपन्यांच्या महागड्या मॉडेलांत क्लचचं पेडल नसलेली केबिन नवलाईची राहिलेली नाही. या भावाची सेवा वेगळी आहे. तेल साधं गिअरचं, चांगल्या प्रतीचं आणि लांब मुदतीचं. पण हवेतला ओलावा दट्ट्यांपर्यंत जाऊ नये म्हणून एअर ड्रायरचा डबा वेळेवर बदलावा लागतो, क्लचप्लेट किती उरली ते कॉम्प्युटर लावून वाचावं लागतं, आणि नवी घातली की क्लच कुठे पकडतो हे संगणकाला पुन्हा शिकवावं लागतं. शिकवलं नाही तर तो जुन्याच आठवणीवर क्लच सोडतो. आणि हाही कुरकुरत नाही. क्लच ‘अर्धा दाबून’ चढावर ट्रक तोलून धरण्याची आपली राष्ट्रीय कला त्याला मान्य नसते, पण तो भांडत नाही, नुसता गरम होतो.

याच ठिकाणी जुने ड्रायव्हर एक अभिमानाचा मुद्दा काढतात, की मशीनने गिअर टाकायचे तर मग ड्रायव्हर कशाला, घाटात अक्कल लागते. लागते हे कबूल. पण आपली अक्कल घाटात काय करते तेही बघावं. धार जिल्ह्यात मुंबई–आग्रा रस्त्यावरचा गणेश घाट ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी इतका कुप्रसिद्ध झाला, की शेवटी तिथे कमी उताराचा नवा मार्ग काढावा लागला. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकायचं ही आपली जुनी काटकसर. न्यूट्रलमध्ये इंजिन ट्रकला मागे ओढत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. दोन लिटर डिझेल वाचतं आणि ट्रक दरीत जातो, असा हा ताळेबंद. चांगला ऑटोमॅटिक भरल्या ट्रकला अशा उतारावर गिअरमध्ये ठेवतो, आणि रिटार्डर असेल तर तेलाच्या जोरावर चाकांना आवरतोही. मात्र त्या आवरण्याची सगळी उष्णता त्याच तेलात जाते. घाटाने ज्याची परीक्षा घेतली त्या तेलाची मुदत पुस्तकातही कमी दिलेली असते, आणि विंध्य उतरून नर्मदेकडे जाणाऱ्या ट्रकाने आपण कुठल्या रकान्यात बसतो हे विचारायला नको.

तरी मुद्दा उरतोच : जे ओरडत नाही त्याच्याकडे वेळेवर बघण्याची सवय लागणार कशी? माझं उत्तर असं, की ती आपल्याला आहे. खंडेनवमीला माळव्यातल्या मराठी घरांत पवारांच्या तलवारीपासून शिंप्याच्या कात्रीपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, आणि दसऱ्याला ट्रक धुऊन, झेंडूच्या माळा घालून, लिंबू-नारळ देऊन उभा केला जातो. नवा ट्रक देवासच्या माता टेकडीच्या पायथ्याशी नेऊन तुळजाभवानी आणि चामुंडेपुढे हजर केल्याशिवाय पहिलं भाडं धरणारे फार थोडे. ही सगळी सेवा तारखेनुसार होते. यंदा ट्रक व्यवस्थित चालतोय, तेव्हा पूजा पुढच्या वर्षी बघू, असं कुणी म्हणत नाही. नारळाने काय फरक पडला ते मोजून दाखवा, असंही कुणी विचारत नाही. बिघाडाची वाट न पाहता, ठरल्या दिवशी, न दिसणाऱ्या फळासाठी खर्च करणं, याहून शुद्ध सर्व्हिसिंग व्होल्वोच्या स्वीडनमध्येही होत नसेल. फक्त पूजासाहित्यात एक फिल्टर आणि तेलाचा डबा वाढवायचा आहे.

यावर विवेकवादी मंडळी रागावतील, की यंत्राला कर्मकांडात कशाला ओढता. पण यंत्रच कर्मकांडाकडे आलेलं आहे. तापमान, आसन, दोन बाण आणि उलटे आकडे ही काही माझी कल्पना नव्हे. पंचांगवाल्यांचा आक्षेप अधिक गंभीर : अधिक महिना आला की दोन दसऱ्यांमधलं अंतर वाढतं. 2022 चा दसरा 5 ऑक्टोबरला होता आणि 2023 चा 24 ऑक्टोबरला, म्हणजे वर्ष 384 दिवसांचं झालं. आपल्याकडची थकबाकी वर्षांत मोजायची असते, तिथे 19 दिवसांसाठी तेल रुसणार नाही. जास्त पळणाऱ्यांनी गुढीपाडवाही धरावा. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती उस्तादांनीच काढली पाहिजे : खंडेनवमीला पाने-पेचकस पूजेत मांडलेले असतात, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. तेव्हा तेल अष्टमीलाच बदलावं लागेल, आणि अष्टमीला गॅरेजात नवरात्राचा उपास असतो, त्यामुळे काम साबुदाण्याच्या वेगाने होईल. तेही चालेल. मला धास्ती आहे ती निराळ्याच गोष्टीची. दोनचार वर्षं तेल खरोखर बदललं जाईल, मग एखाद्या वर्षी घाई असेल, डबा महाग झालेला असेल, आणि कुणीतरी डिपस्टिक बाहेर काढून, तिला हळदकुंकू लावून, नमस्कार करून परत आत सरकवील. पुढच्या तपासणीला उस्ताद ती ओढून उजेडात धरील, तिचा लाल रंग बघील आणि सांगेल की तेल एकदम नवं आहे, भिया.